विरघळायला दोघं लागतात

एका आईचा प्रश्न आहे: "'मीठ पाण्यात वितळतं' असं मी म्हणाले, तर लेकीने लगेच दुरुस्त केलं, 'विरघळतं'. खरंच फरक आहे का? आणि तिच्या वहीतला 'अविद्राव्य क्षार' म्हणजे पाण्यात अजिबात न विरघळणारा का?"

लेकीचं बरोबर आहे. वितळायला उष्णता पुरते. बर्फ, मेण, लोखंड आपापले एकेकटे वितळतात. मीठही वितळतं, पण त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आमटीत ते जमायचं नाही. विरघळायला मात्र दुसरं कुणीतरी हवं. साखर चहात विरघळते, बर्फी तोंडात विरघळते आणि नातीने गळ्यात हात टाकले की आजोबा विरघळतात. 'तूप विरघळवून घे' असं घरोघरी म्हणतातच, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण विज्ञानात फरक पाळलेला बरा, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या 'दुसऱ्या कुणीतरी'तच आहे.

मिठाच्या खड्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन (आयन म्हणजे विद्युत प्रभार असलेले कण) एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनकडची किंचित धन. त्यामुळे पाणी दोन्ही जातींच्या आयनांना गराडा घालतं आणि खड्यातून ओढून काढू बघतं. मिठाच्या बाबतीत ही रस्सीखेच जवळजवळ बरोबरीत सुटते. ऊर्जेचा हिशेब किंचित तोट्याचाच निघतो, पण सुट्या आयनांना पाणीभर पांगायला इतक्या वाटा असतात की पारडं विरघळण्याकडे झुकतं. म्हणून १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं.

चुनखडीत, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटात, दोन्ही आयनांवर दुप्पट प्रभार. पकड पक्की, पाण्याची ओढ अपुरी. पण 'दुप्पट प्रभार म्हणजे अविद्राव्य' असा नियम लेकीला पाठ करायला लावू नका. मॅग्नेशियम सल्फेटातही प्रभार दुप्पटच, तरी ते सहज विरघळतं, कारण चिमुकल्या मॅग्नेशियमला पाणी फार जोरात बिलगतं. उलट सिल्व्हर क्लोराइडात प्रभार एकेरी, पण तिथला बंध निव्वळ आयनिक, म्हणजे फक्त धन-ऋण ओढीचा, राहत नाही, आणि ते तळाशी बसतं.

तरी लिटरभर पाण्यात सिल्व्हर क्लोराइडाचे २ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतातच. म्हणून 'अविद्राव्य'मधला तो 'अ' मला जरा उद्धट वाटतो. 'अल्पविद्राव्य' जास्त प्रामाणिक.

'क्षार'बद्दल एक सावधगिरी. मराठी पुस्तकात आम्ल (अ‍ॅसिड) आणि आम्लारी (बेस) मिळून क्षार तयार होतो. हिंदी पुस्तकात त्याला लवण म्हणतात, आणि 'क्षार' म्हणजे तिथे पाण्यात विरघळणारी आम्लारी! हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणारी मुलं इथे हमखास घसरतात. जुना अर्थ खरं तर हिंदीच्या जवळचा आहे. वनस्पती जाळून राखेतून काढतात तो क्षार, त्याचाच 'खार' झाला. पापडखार चवीला मिठासारखा नसतो, हे पापड लाटणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि 'आमच्या पाण्यात क्षार फार' म्हणतो तेव्हा काय म्हणतो? बोअरच्या पाण्यात विरघळलेलं असतं ते बरेचदा कॅल्शियम बायकार्बोनेट. उकळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे राहिलेल्या कार्बोनेटाला पाणी धरून ठेवू शकत नाही, आणि पातेल्याला पांढरी पुटं चढतात. त्यावर लिंबाची फोड चोळा, फसफसत थर सुटतो. इथे मात्र 'थर विरघळला' म्हणताना मी अडखळतो, कारण आम्लाने कार्बोनेट मोडून दुसराच क्षार झालेला असतो. मी आपलं 'थर निघाला' म्हणतो.