डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंगसाठी मजबूत सिम रेसिंग कॉकपिट कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: साताऱ्यात राहता, सिम रेसिंगसाठी (कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी) ८ न्यूटन मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस (स्टीअरिंग थेट जिच्यावर बसतं ती मोटर) आणि लोडसेल पेडल (पायाचा जोर मोजणारी) घेतली आहेत, टेबलाला लावल्यावर टेबल हादरतं. आता घडीचं कॉकपिट (सीट, पेडल आणि स्टीअरिंग बसवायची फ्रेम) पुरेल की ॲल्युमिनियम प्रोफाइलचं (खाचा असलेल्या तयार दांड्यांचं) घ्यावं? मी सांगलीचा. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम बघतो आणि रात्री रेसिंग करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घडीचं घेऊ नका. बहुतेक जण मोटरीचा टॉर्क (फिरवायचा जोर) बघून फ्रेम निवडतात, पण एकदा हिशेब करून बघा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर ८ न्यूटन मीटर म्हणजे कडेवर सगळा मिळून साडेपाच किलोच्या आसपास जोर. लॉजिटेक जी२९ सारख्या गिअरवाल्या स्टीअरिंगवर तो दीड किलोच्या जवळपास असतो, त्यामुळे हाताला फरक खूप जाणवतो हे खरं. पण लोडसेल ब्रेकवर पाय दाबला की ५०-६० किलो सहज पडतात, आणि तेही प्रत्येक मोठ्या वळणाआधी. फ्रेमवर सगळ्यात जास्त भार तुमच्या पायाचा येतो. कॉकपिट पायाच्या जोरावर निवडा. त्या जोराला जी फ्रेम हलत नाही, ती ८ न्यूटन मीटरची मोटर आरामात पेलते.

फ्रेम मोडत नाही, लवते, आणि खरा त्रास तिथेच आहे. लोडसेल जोर मोजतो, पेडल किती आत गेलं ते नाही. पेडलची प्लेट लवली की ब्रेक हळूहळू सोडताना ती स्प्रिंगसारखी परत येते आणि पायाला नेमका अंदाज येत नाही. आमच्या शॉपमध्ये एकाने पेडल-प्लेटला खालून एकच आडवी पट्टी दिलेली फ्रेम आणली होती. मागच्या पाइपवर मॅग्नेटिक स्टँड बसवून डायल गेजची (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची) पिन प्लेटला टेकवली आणि त्याला नेहमीसारखा ब्रेक दाबायला सांगितलं. काटा दोन फेरे फिरला, म्हणजे प्लेट दोन मिलिमीटर पुढे गेली. प्लेटच्या मागून मुख्य पाइपपर्यंत दोन तिरके टेकू वेल्ड केले, तेव्हा काटा जेमतेम हलला. खर्च फक्त वेल्डिंगचा.

स्टीअरिंगच्या बाजूला एकच गोष्ट नीट बघा: बेस कशावर बसतो. पायांच्या मधोमध एकच खांब असेल तर तो पीळ खातो आणि टायर सुटायला लागल्याची बारीक थरथर हातापर्यंत येण्याआधीच विरते. त्याच थरथरीसाठी तर आपण डायरेक्ट ड्राइव्हला पैसे मोजतो! दोन्ही बाजूंना उभे खांब आणि मध्ये आडवी जोडणी हवी. बेसखाली रबर घालू नका. शेजाऱ्यांना आवाज जात असेल तर रबर फ्रेमच्या पायांखाली घाला.

आता प्रोफाइल की एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद)? प्रोफाइल घेणार असाल तर मुख्य लांब दांडे किमान ४० बाय ८० मिलिमीटरचे आणि ८० ची बाजू उभी. भरीव पट्टीचा हिशेब धरला तर उभी ठेवलेली तीच पट्टी आडवीपेक्षा चौपट कमी लवते. प्रोफाइल पोकळ असल्याने आकडा थोडा वेगळा येतो, पण कल तोच. ट्रॅक रेसर कंपनीच्या टीआर८० कॉकपिटमध्ये ८० चं आणि टीआर१६० मध्ये १६० चं प्रोफाइल आहे. पुढेमागे २५ न्यूटन मीटरच्या सिम्युक्यूब २ प्रो बेसपर्यंत जायचं पक्कं असेल तरच १६० चा विचार करा. ८ साठी ८० पुष्कळ.

तुमच्या जागी मी असतो तर मात्र आधी एमएसचा विचार केला असता. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं आणि तुमच्याकडच्या एमआयडीसीत चांगले फॅब्रिकेटर आहेत. ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा बॉक्स पाइप, बेससाठी ६ मिलिमीटरची प्लेट, कोपऱ्यांना गसेट (त्रिकोणी आधाराच्या पट्ट्या). सगळे जोड आधी नुसते टॅक करून घ्या (ठिपक्याएवढं वेल्ड), गुण्या लावून काटकोन बघा, दोन्ही कर्ण मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग. सलग एका बाजूने वेल्डिंग केलं तर फ्रेम ओढली जाते आणि चारही पाय जमिनीला टेकत नाहीत. बेस आणि पेडलच्या प्लेटला गोल भोकांऐवजी लांबट स्लॉट पाडून घ्या. पावडर कोटिंग सगळ्यात शेवटी.

एमएसची अडचण एवढीच की एकदा वेल्ड झालं की माप बदलत नाही. म्हणून आधी सीट आणा. भंगारातली कुठल्याही छोट्या गाडीची सीट चालते, फक्त तिच्या रेल हलवून किती सैल आहेत ते बघा. तिला विटांवर ठेवा, पेडल भिंतीला टेकवा, आठवडाभर तसंच चालवा. पाठ आणि गुडघे कुरकुरेनासे झाले की टेप घेऊन मापं लिहा. घरात दोघं-तिघं वेगवेगळ्या उंचीचे चालवणार असतील तर हा खटाटोप सोडा आणि प्रोफाइलच घ्या.

सीट आणि पेडल एकाच फ्रेमवर हवीत, हे दोन्ही प्रकारांत लागू. नुसता स्टँड घेऊन चाकांच्या खुर्चीवर बसलात तर ब्रेक मारला की खुर्ची फरशीवर मागे सरकते.

वायरिंगचं एक राहिलं. गेम चालू असताना यूएसबी मध्येच सुटत असेल तर बेस बिघडला असं लगेच धरू नका, आधी प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. फ्रेमही अर्थला जोडा; ॲनोडाइज्ड प्रोफाइलचा वरचा थर वीज नेत नाही, त्यामुळे तार बोल्टखाली, थर खरवडून लावावी लागते.

तुमची उंची आणि पेडलच्या भोकांमधली अंतरं कळवलीत तर प्लेटची मापं काढून देतो.