पंधरा-वीसच पक्षी ओळखता येतात, तरी ऑक्टोबरच्या पक्षीगणनेत भाग घेता येईल का?

हो, नक्की घ्या. ओळखू येणाऱ्या पक्ष्यांची प्रामाणिक यादीही उपयोगाची असते. 'ऑक्टोबर बिग डे' ही जागतिक गणना ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी असते आणि तिच्या नोंदी ईबर्ड या मोफत अ‍ॅपवर होतात. मी तिथे नेहमी याद्या भरते. यादी पाठवताना अ‍ॅप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? त्यात साळुंकी, कावळे, पारवेही असतील तरच 'हो' म्हणा. नवखी मंडळी इथेच चुकतात: दुर्मीळ तेवढं लिहितात आणि चिमण्या सोडून देतात. पण चिमण्या वाढतायत की घटतायत, हे अशा साध्या नोंदींवरूनच कळतं. संख्या मोजून किंवा अंदाजाने लिहा. अजिबात जमलं नाही तर आकड्याच्या जागी 'एक्स' चालतो.

एक अट मात्र पाळा: खात्री नसेल तर नाव ठोकून देऊ नका. ऑक्टोबरपर्यंत उत्तरेकडून धोबी, वटवटे असे पाहुणे आपल्याकडे आलेले असतात, आणि वटवट्यांमध्ये तर जाणकारही अडखळतात. तिथे नुसतं 'वटवट्याची कुठलीतरी जात' अशा अर्थाची नोंद करता येते. मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेलं नावही पक्षी स्वतः पाहून किंवा ऐकून पटलं तरच घ्या.

तो शनिवार हुकला तर महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह असतोच.