ग्लुकोमीटर, सेन्सर की तीन महिन्यांची तपासणी?
आपल्याला नुकतेच मधुमेहाचे निदान झाले असून रक्तातील साखर कशाने मोजावी हा आपला प्रश्न असल्याने, अनेक वर्षे ही मोजदाद करत आलेला एक नाशिककर म्हणून सांगतो की, आरंभी साधा ग्लुकोमीटरच, म्हणजे बोटाच्या थेंबभर रक्तातील साखर मोजणारे यंत्र, घ्यावा. मात्र बोटाला सुई टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत; द्राक्षांच्या हंगामात मी घड निवडून तसाच तपासणीला बसलो आणि आकडा २८० आला, हात धुतल्यावर तोच १४२ भरला. फळाची साखर बोटावर राहिली की यंत्र तीही मोजते. शिवाय १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक आंतरराष्ट्रीय मानकालाही मान्य आहे, त्यामुळे १५० आणि १६० यांत फार अर्थ शोधू नये.

एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते. तिचा आकडा ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. परंतु सरासरीत रात्रीची घसरण आणि जेवणानंतरची उसळी दोन्ही लपतात, आणि रक्तक्षय असल्यास आकडा फसवाही ठरतो.

दंडावर चिकटवायचा सेन्सर हे चढउतार दिवसरात्र टिपतो, तथापि तो रक्तातील नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजत असल्याने काही मिनिटे मागे असतो, आणि बहुतेक सेन्सर दहा ते चौदा दिवसांत बदलावे लागत असल्याने खर्चिकही पडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना तो परवडत असेल तर जरूर लावावा. केवळ गोळ्यांवर असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. घाम, थरथर अशी साखर घसरल्याची लक्षणे जाणवत असूनही सेन्सर ठीक आकडा दाखवत असेल, तर बोटाचे रक्त तपासावे.