मांडवीत फिरताना होडीत काय हवं?

प्रश्न : माझी 18 फुटी फायबरची होडी आहे, 25 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. रविवारी घरची पाच माणसं बेतीहून फेरी मारतो, त्यात सात वर्षांची मुलगी. सहा लाइफ जॅकेट आणि एक रिंग आहे. आणखी काय घ्यावं? आग्वादच्या बाहेर, म्हणजे नदीच्या मुखापलीकडे समुद्रात, गेलं तर चालेल का?
– एक वाचक, बेती

उत्तर : तुमच्या यादीत नांगर नाही, आणि आधी तोच घ्या. सुकतीला (ओहोटीला) इंजिन बंद पडलं तर होडी सरळ नदीच्या मुखाकडे ओढली जाते. तिला थांबवणारं दुसरं काही तुमच्याकडे नाही. दोरीची लांबी मोजताना पाण्याची खोली आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची मिळवून पाचने गुणा, वारा असेल तर सातने. 5 मीटर पाणी अधिक 1 मीटर नाळ म्हणजे 30 ते 42 मीटर. दोरी आखूड पडली की नांगर तळाला रुतत नाही, नुसता घसरत जातो. नांगराला लागून 2-3 मीटर साखळी हवी, म्हणजे ओढ आडवी बसते. दोरी नायलॉनची घ्या. पॉलिप्रोपिलीनची तरंगते आणि इंजिनाच्या पंख्यात अडकते. दुसरं टोक होडीला आधीच बांधून ठेवा. घाईत अख्खी दोरी पाण्यात जाते ती अशीच.

आणि नांगर नेहमी नाळेवरून टाका. मागच्या बाजूला इंजिनाच्या वजनाने होडी आधीच दबलेली असते. तिथून नांगरली की प्रवाह पाणी थेट आत लोटतो.

सीटखाली कोंबलेलं जॅकेट नसल्यात जमा. मुलीचं तिच्या वजनाप्रमाणे घ्या. घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढून बघा. कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे. मांड्यांमधला पट्टाही लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट डोक्यावरून निघतं.

इंजिनाची किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या पायाला किंवा जॅकेटला अडकवा. तो पाण्यात पडला की इंजिन बंद होतं, होडी वळून त्याच्या अंगावर येत नाही. तिची जादा क्लिप होडीतच ठेवा. मूळची त्याच्याबरोबर गेली तर मागे राहिलेल्यांना इंजिन सुरू करता आलं पाहिजे.

बादली, दोन वल्ही, शिट्टी, टॉर्च आणि सुकाणूजवळ पावडरचं अग्निशामक एवढं पुरे. पेट्रोलची टाकी खाली उतरवून धक्क्यावरच भरा. वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचते आणि ठिणगीची वाट बघते.

आग्वादचं म्हणाल तर दुपारी नको. सुकतीचं पाणी बाहेर जातं आणि पश्चिमेचा वारा त्याला अडवतो, तेव्हा मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहतात. 18 फुटी होडी तिथे नाळेपासून भरते. गेलात तर सकाळी, वारा पडलेला असताना, भरतीला. पेट्रोल जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश, उरलेलं राखीव. पावसाळ्यात मात्र मुखाबाहेर जाऊच नका. तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये घालून ठेवा, आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, गळ्यात.