दर्जा कृषीचा मिळाला, पण रात्रीच्या दिव्यांचं काय?

प्रश्न : आमचा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासळी धरणाऱ्यांचा, संघ आहे. पर्ससीनची (थव्याला वेढा घालून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याची) मुदत संपून गेल्यावरही रात्री किनाऱ्यावरून दिसतील इतक्या जवळ मोठ्या बोटी दिवे लावून मासळी उपसतात. तोंडी तक्रारी केल्या, कुणी फिरकलं नाही. आता मासेमारीला कृषीचा दर्जा मिळाला म्हणतात. आमच्या होडीला इंजिनच नाही, त्यामुळे डिझेलचा परतावाही नाही. मग या दर्जाचा आम्हाला उपयोग काय?
– एक वाचक, दक्षिण कोकण

उत्तर : नोकरीची सगळी वर्षं मत्स्यव्यवसाय खात्यात, बंदरांवर गेली, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. 22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीच्या बरोबरीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत सवलतीचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला. पण त्यातला मोठा वाटा तळी, बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं चालवणाऱ्यांना मिळेल. तुमच्या उपयोगाचं आहे ते किसान क्रेडिट कार्ड, आणि ते मच्छीमारांना 2018-19 पासूनच खुलं आहे. ते जरूर घ्या. जाळं आणि दोर यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की बांगड्याचा भाव तोच ठरवतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मात्र तुमचं दुखणं पैशाचं नाही. रापण मासळीच्या मागे धावत नाही. मासळी किनाऱ्याला लागली तरच जाळं ओढायचं आणि वाटे घालायचे. बाहेरच्या बाहेर थवा उचलला गेला, तर कोणत्याही योजनेचे पैसे ती भरपाई करणार नाहीत. रापणकराला सरकारची खरी मदत एकच : समुद्रावरची गस्त.

कायद्यात उणीव नाही. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत, म्हणजे 12 सागरी मैलांच्या आत, परवानाधारक पर्ससीनलाही 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा आहे. एलईडीच्या उजेडात मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, तीही 12 मैलांच्या पलीकडे. त्यामुळे ‘आम्ही हद्दीबाहेर होतो’ ही सबब चालत नाही. 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली आणि एलईडीवाल्याचा दंड 5 लाखांपासून सुरू झाला. माझ्या मते त्याच दुरुस्तीतली याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. पूर्वी ही प्रकरणं तहसीलदारांपुढे जायची आणि महसुलाच्या कामांत पडून राहायची. आता निवाडा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे आहे. म्हणजे तुमच्या तक्रारीला नेमका पत्ता मिळाला.

तो वापरा, आणि लेखी वापरा. ‘बोटी येतात’ एवढ्यावर केस उभी राहत नाही. तारीख, वेळ, किनाऱ्यावरच्या कोणत्या खुणेच्या समोर, अंदाजे किती अंतरावर, हे लिहा. उजेडात नाळीजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, रंगवलेला नोंदणी क्रमांक दिसला तर तो, अर्धाच दिसला तर अर्धा. मोबाइलवर फोटो काढताना मागचा डोंगर किंवा मंदिराचा दिवा चौकटीत येऊ द्या. नुसत्या काळोखातल्या ठिपक्यावरून जागा सिद्ध होत नाही. अर्ज संघाच्या नावाने द्या, पोच घ्या, एक प्रत सागरी पोलिसांना द्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्या महिन्यात गस्ती नौका कोणत्या तारखांना बाहेर पडली याच्या नोंदीची प्रत मागा. जानेवारी 2025 पासून राज्याने ड्रोनची टेहळणीही सुरू केली आहे, म्हणून तुम्ही कळवलेल्या रात्रींचं चित्रण आहे का, हेही विचारा. ड्रोन बोट पकडू शकत नाही, पण त्याचा पुरावा नाकारणं अवघड जातं.

आणि एक, जे तुम्हाला कदाचित रुचणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने 54 जातींची मासळी पकडायला किमान लांबी ठरवून दिली : पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370. तो नियम रापणीलाही आहे. ओढीत लहान पिलं आली तर जिवंत आहेत तोवर पाण्यात सोडा. दुसऱ्यावर बोट दाखवणारा अर्ज तेव्हाच वजनदार होतो.

प्रश्न : शेततळ्यात मासे सोडायचे की बायोफ्लॉकच्या (सतत हवा देऊन, पाण्यातल्या जिवाणूंच्या मदतीने दाटीने मासे वाढवायच्या) टाक्या बांधायच्या? अनुदान मिळेल ना?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : शेततळं आहेच, तर तिथूनच सुरुवात करा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत ठरलेल्या खर्चाच्या 40 टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान असतं. पण मंजुरी आधी, बांधकाम नंतर. उलटं केलंत तर बिलं हातातच राहतील. बायोफ्लॉकमध्ये हवा देणारं यंत्र रात्रंदिवस चालावं लागतं. वीज गेली आणि जनरेटर नसला तर काही तासांत मासे मरून टाकी पांढरी होते.

कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली (बोटभर वाढलेली पिलं) घ्या, मत्स्यजिरे (अगदी बारीक पिलं) नकोत. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मातीचा तळ नसतो, म्हणून नैसर्गिक खाद्य कमी. कोंडा आणि शेंगदाणा पेंडीचा खर्च धरूनच हिशेब मांडा. पहाटे तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर प्राणवायू कमी पडला आहे : त्या दिवशी खाद्य बंद, पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच पाडा. थाई मागूर हा परदेशी मासा लवकर वाढतो असं कुणी सांगेल. त्यावर देशात बंदी आहे, आणि खात्याची धाड पडली की साठा नष्ट करतात. तळ्यातून निसटून नदीत गेला तर तो गावरान मासळी फस्त करतो, म्हणून ती बंदी मला पूर्ण पटते.