चाळीस उत्तरांची ती फाईल आधी बंद करा

एका वडिलांच्या पत्राचा सारांश: मुलगी वाणिज्य पदवीधर, अकाउंट्समध्ये २ वर्षांचा अनुभव. कंपनीने माणसं कमी केली त्यात नोकरी गेली, त्याला ७ महिने झाले. ११ मुलाखती झाल्या. पहिल्या ६ पैकी ४ ठिकाणी ती शेवटच्या फेरीपर्यंत गेली, त्यातल्या दोघांनी ‘पद सध्या थांबवलंय’ असं कळवलं. मग वडिलांनी तयारी हातात घेतली. ४० प्रश्नोत्तरांची फाईल ते पाठ करून घेतात, ऑनलाइन मुलाखतीला लॅपटॉपच्या मागे बसून मुद्दे दाखवतात. त्यानंतरच्या पाचही मुलाखतींत पहिल्याच फेरीत नकार. ‘हल्ली ती माझ्याशी धड बोलत नाही. गॅप झाकायला ओळखीच्या फर्मचं अनुभवपत्र घ्यावं का? व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावावा, की सरळ स्पर्धा परीक्षेला बसवावं?’ असं ते विचारतात.

तुम्ही स्वतःच लिहिलेले आकडे पुन्हा एकदा वाचा. एकटी जात होती तेव्हा ६ पैकी ४ वेळा शेवटची फेरी. तुम्ही मदतीला आल्यापासून ५ पैकी ५ वेळा पहिल्या फेरीत बाहेर. तुमची कळकळ कळते, पण दुरुस्ती हवी आहे ती मुलीत नाही.

‘पद थांबवलंय’ हा तिला मिळालेला नकार नव्हताच. मंदीत जाहिरात निघते, मुलाखती होतात आणि ऐनवेळी वरून भरती गोठवली जाते. घरात मात्र ते दोन निरोप ‘नापास’ म्हणून मोजले गेले आणि जे बरं चाललं होतं त्याची डागडुजी सुरू झाली.

लॅपटॉपच्या मागे बसता तेव्हा पलीकडे काय दिसतं, सांगतो. प्रश्न संपतो. मुलगी कॅमेऱ्याच्या वर बघते, दोन सेकंद गप्प राहते, मग डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि उत्तर एका सुरात बाहेर पडतं. ‘त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ असा उपप्रश्न आला की कागद संपलेला असतो. समोरच्याला आपण फसवले जातोय अशी शंका आली, की पुढची वीस मिनिटं नुसता उपचार. पुढच्या मुलाखतीला तुम्ही त्या खोलीत नसावं.

आता गॅप. सात महिने रिकामे दिसले की संपलं, हा समज फार पसरलाय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अमेरिकेत १०० शहरांतल्या सुमारे ३,००० जागांसाठी १२,००० बनावट अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीचा काळ वाढेल तसं मुलाखतीचं बोलावणं घटतं, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते, असं त्यात दिसलं. पण जिथे बेकारी जास्त, तिथे या गॅपचा फटका कमी बसत होता. कारण उघड आहे: सगळ्यांच्याच नोकऱ्या जात असताना गॅपवरून उमेदवाराबद्दल फारसं काही कळत नाही. तेव्हा गॅप दोन वाक्यांत सांगावी: ‘कंपनीने आमची टीम कमी केली, त्यात माझं पद गेलं. तेव्हापासून मी हे शिकतेय आणि अर्ज करतेय.’ तिथे थांबावं, खुलासे वाढवू नयेत. ओळखीच्या फर्मच्या अनुभवपत्राचा विचारही नको. पडताळणीत पगाराच्या स्लिपा, बँकेतल्या नोंदी मागतात. रुजू झाल्यावर खोटं उघडं पडलं तर नोकरी जाते, आणि या वेळी कारण सांगता येत नाही.

४० उत्तरांऐवजी तिने कामातले ५-६ प्रसंग निवडावेत: चूक सापडली, मुदत हुकत होती, कुणाशी वाद झाला, काही नवीन बसवलं. प्रत्येक प्रसंग दीड मिनिटात सांगायचा: अडचण काय होती, मी काय केलं, आकड्यात काय बदललं. ‘मंथ-एंड क्लोजिंग (महिनाअखेरीला हिशेब पूर्ण करणं) सुधारलं’ यातून काही कळत नाही. ‘क्लोजिंगला आठ दिवस लागत होते. उशीर पुरवठादारांच्या बिलांमुळे होतोय असं दिसल्यावर मी ती २५ तारखेपर्यंत मागवायला लागले. पाच दिवसांवर आलं’, हे कळतं. आकडे अर्थात तिचे स्वतःचे हवेत. फोनवर रेकॉर्ड करून ऐकावं आणि ‘आम्ही केलं’ किती वेळा आलं ते मोजावं. नम्रतेपोटी आपण ‘आम्ही’ म्हणतो आणि समोरच्याला तिचा वाटा कळतच नाही. जाहिरातीतल्या प्रत्येक कामापुढे यातला एकेक प्रसंग लिहावा. ज्या कामापुढे जागा रिकामी राहील, तिथेच अभ्यास करायचा.

शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा ‘नाही’ म्हणू नये. पद नवीन आहे की कुणी सोडून गेलंय? त्याला मंजुरी मिळाली आहे का? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल? यातला दुसरा प्रश्न मंदीत फार उपयोगाचा. उत्तर मोघम आलं तर त्या जागेची वाट बघत बाकीचे अर्ज थांबवायचे नाहीत. पगार विचारला तर ‘द्याल ते चालेल’ हे उत्तर नको. त्यातून गरज दिसते, किंमत नाही. आधी त्यांची मर्यादा विचारावी, मग आपला पल्ला सांगावा. चोवीस तासांत पाच ओळींचा आभाराचा मेल आणि त्यांनी दिलेली तारीख उलटून आठवडा झाला की एक आठवण. दुसरी नको.

स्पर्धा परीक्षा तिला स्वतःला हवी असेल तर वेगळं बोलू. नोकरी मिळत नाही म्हणून तिकडे ढकलू नका. क्लासचे पैसे वाचवा. जी मुलगी चार वेळा शेवटच्या फेरीत पोचली, तिचं व्यक्तिमत्त्व विकसित आहे.

तुमच्यासाठी काम आहे, पण ते तिने मागितलं तरच. ती प्रसंग सांगत असताना घड्याळ लावून ऐकायचं आणि न कळलेल्या जागी ‘म्हणजे काय?’ एवढंच विचारायचं. उत्तर सुचवायचं नाही. मुलाखत संपवून ती बाहेर आली की ‘काय झालं?’ हे तिने पाणी पिईपर्यंत तरी विचारू नका. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. तुम्ही तयारी हातात घेईपर्यंत सांगत असणारच.