गोल्फ मैदानावरच्या नव्या सुविधा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वस्तीलगत नगर प्रशासनाच्या मालकीचे अठरा होलचे (सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे अठरा टप्पे असलेले) गोल्फ मैदान आहे. तेथे ड्रायव्हिंग रेंज (लांब फटक्यांच्या सरावाची जागा), उपाहारगृह, मिनी गोल्फ (अडथळ्यांमधून चेंडू ढकलण्याचा छोटा खेळ) आणि पॅडलची (भिंतींनी वेढलेल्या जागेत खेळायच्या रॅकेटच्या खेळाची) दोन कोर्टे उभारण्याचा प्रस्ताव आला असून रहिवाशांच्या सभेत दोन तट पडले आहेत. मैदान टिकवायचे तर उत्पन्न हवे, असे एका बाजूचे म्हणणे आहे. नेमाने खेळणारे मात्र ‘मैदानाची जत्रा होईल’ म्हणून सगळ्यालाच विरोध करतात. मी गोल्फ खेळत नाही, पण कर भरतो. मी कोणती बाजू घ्यावी?

उत्तर : ‘खेळत नाही, पण कर भरतो’ ही या वादातली तिसरी बाजू आहे आणि आपल्या सभेत तिच्या वतीने कोणी बोललेले दिसत नाही. अठरा होलच्या मैदानाला साधारण ५० ते ७० हेक्टर जमीन लागते. प्रत्येक होलवर चौघांचा एक गट आहे असे धरले, तरी एवढ्या जमिनीवर एका वेळी ७२ माणसे होतात. जमीन सार्वजनिक असेल तर उरलेल्या नागरिकांचा तिच्याशी संबंध काय, हा प्रश्न न्याय्यच आहे आणि तो विचारणाऱ्याला खेळाचा शत्रू ठरवण्याचे कारण नाही. म्हणून चारही सुविधांना मिळून एकच होकार किंवा एकच नकार देऊ नये. हातात गोल्फची काठी नसलेल्या माणसालाही तेथे सहज जाता येईल का, आणि उद्घाटनाचा दिवस सरल्यावर तिचा दरवर्षीचा खर्च कोण भरणार, या दोन कसोट्यांवर प्रत्येक सुविधा वेगळी तपासावी.

ड्रायव्हिंग रेंजला मी बिनशर्त विरोध करणार नाही. पूर्ण फेरीला चार तास लागतात; नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला तेवढा वेळ काढणे जड जाते. रेंजवर तासाभरात टोपलीभर चेंडू मारून घरी जाता येते आणि पहिल्यांदाच काठी धरणाऱ्याला मागून येणाऱ्या गटाच्या नजरेचे दडपणही राहत नाही. खेळात नवी माणसे येतात ती बहुतेक याच दाराने. पण रेंज म्हणजे आखलेली मोकळी जागा नव्हे. उंच जाळ्या वाऱ्याने फाटतात, उभे राहण्याच्या चटया झिजतात, चेंडू फुटतात, हरवतात आणि विखुरलेले चेंडू रोज गोळा करावे लागतात. फटके पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे मारावे लागतील अशी आखणी असेल, तर सकाळी किंवा संध्याकाळी, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी, सूर्य खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. आपल्या प्रस्तावात रेंजचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे अवश्य विचारावे. या एका प्रश्नावरून आराखडा जाणकाराने केला आहे की नाही, हे बरेचसे कळून येते.

उपाहारगृहाविषयी मी साशंक आहे. मैदानाच्या पोटात, क्लबहाउसच्या मागे ते बांधले तर तेथे जाणारे तेच ७२ जण असतील. रस्त्याच्या कडेला, स्वतंत्र प्रवेशद्वाराचे असेल तरच बाहेरचा माणूस आत पाऊल टाकेल. पॅडलला मात्र मी स्पष्ट नकार देईन. तो खेळ चांगला आहे, पण त्याचा गोल्फशी काही संबंध नाही. तो तेथे सुचवला गेला, कारण जमीन रिकामी दिसली. मोकळी जमीन अशीच तुकड्या-तुकड्यांनी संपते. हिरवळ काढून काँक्रीट ओतणे सोपे, पण ते काँक्रीट काढून पुन्हा हिरवळ आणल्याची उदाहरणे विरळाच.

मिनी गोल्फच्या जागी मी एक जुनी गोष्ट सुचवतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे ओल्ड कोर्स या जगप्रसिद्ध गोल्फ मैदानाच्या शेजारीच उंचसखल हिरवळीचे एक पटिंगचे, म्हणजे चेंडू हलकेच घरंगळवत खळग्यात घालण्याचे, मैदान आहे. त्याचे नाव ‘हिमालयाज’. १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचे ते मैदान. आजही ठरावीक वेळांत अल्प शुल्क भरून कोणीही तेथे खेळू शकतो. आजी आणि नातू एकाच वेळी, बरोबरीने खेळू शकतील असा गोल्फ यापेक्षा दुसरा नाही. त्याला पवनचक्क्या, बोगदे, रंगीत पुतळे लागत नाहीत. गवत कापणारी माणसे आणि यंत्रे मैदानाकडे आधीपासूनच असतात.

पुढच्या सभेत रंगीत चित्रांऐवजी वार्षिक खर्चाचा तक्ता मागावा. नव्या सुविधांचे उत्पन्न मैदानाच्या देखभालीसाठी राखून ठेवले जाणार की सर्वसाधारण तिजोरीत जाणार, याचेही लेखी उत्तर घ्यावे. ते तिजोरीत जाणार असेल, तर ‘मैदान टिकवण्यासाठी उत्पन्न’ हा युक्तिवाद तेथेच कोसळतो.

प्रश्न : मी वीस वर्षे गोल्फ खेळतो. आता मैदानातून चालण्याची वाट काढण्याची मागणी होत आहे. आम्ही शुल्क भरायचे आणि इतरांनी फुकट फिरायचे, हे कसे? शिवाय कोणाला चेंडू लागला तर जबाबदार कोण?

उत्तर : आपला दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे. गोल्फच्या चेंडूचे वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते, पण व्यावसायिक खेळाडूच्या फटक्यानंतर तो ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. हौशी खेळाडूचा वेग कमी असला, तरी त्याची दिशा भरवशाची नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्यांचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो, त्यामुळे होलच्या उजव्या अंगाने वाट काढणे हे संकटाला आमंत्रण होय. ‘कडेला झाडे लावू’ हे सभेत हमखास मिळणारे उत्तर आहे, परंतु रोप चेंडू अडवण्याइतके वाढेपर्यंत बरीच वर्षे जातात आणि तोवर चालणाऱ्यांनी काय करायचे, हे कोणी सांगत नाही. खेळ चालू असताना फेअरवेमधून, म्हणजे होलच्या मधल्या कापलेल्या गवतपट्ट्यातून, वाट नको, याबाबत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे.

पण यावरून ‘इतरांना प्रवेशच नको’ असा निष्कर्ष निघत नाही. जागा वाटून देता येत नसेल, तर वेळ वाटून देता येतो. ओल्ड कोर्सवर मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर रविवारी गोल्फ बंद असतो आणि गावकरी त्याच गवतावर कुत्री घेऊन फिरतात. तेथील मैदानांचा कारभार १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेकडे आहे. गोल्फमध्ये ज्याला माहेरघराचा मान आहे, त्या मैदानाला जे कमीपणाचे वाटत नाही, ते आपल्याला का वाटावे? पूर्ण रविवार जड वाटत असेल तर आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. फक्त ग्रीनभोवती, म्हणजे खळग्याजवळच्या बारीक हिरवळीभोवती, दोर बांधावेत, कारण तिथले गवत काही मिलिमीटरच ठेवलेले असते आणि टाचांचे बूट त्याला सोसत नाहीत.

शुल्काचे म्हणाल, तर आपण देता ते खेळण्याचे शुल्क आहे, जमिनीचे भाडे नव्हे. तेवढा फरक मानला की मनातली बरीच कटुता कमी होईल.

प्रश्न : रेंजवर रात्री दिवे लावणार आहेत. आमचे घर कुंपणाला लागून आहे. आमची तक्रार अवाजवी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. प्रकाश कुंपणापाशी थांबत नाही आणि निळसर पांढऱ्या दिव्यांकडे कीटक अधिक ओढले जातात. त्यामुळे त्रास फक्त आपल्यालाच होतो असेही नाही. ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे, म्हणजे पिवळसर प्रकाशाचे, खाली झुकवलेले आणि वरून-बाजूने झाकलेले दिवे मागावेत. मात्र चेंडू हवेत दिसावा म्हणून रेंजचे काही दिवे समोर रोखावेच लागतात. तेव्हा खरा उपाय वेळेचाच आहे. दिवे किती वाजता बंद होतील, ही अट ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनात नव्हे, परवानगीच्या कागदात लिहिलेली हवी. शक्य असल्यास कायमचे खांब रोवण्याआधी चार-आठ रात्री भाड्याचे दिवे लावून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि त्यातल्या एका रात्री समितीच्या सदस्यांना आपल्या शयनगृहाच्या खिडकीपाशी उभे राहायला बोलवावे.